मुलांना घरी शिकवताना धर्मशिक्षण सक्तीचं असतं का?

ताई, तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग लवकर मिटतो. घरी शिकवायचं तर धर्माचा विषय ठेवावाच लागतो, असं तुमच्या जाऊबाई म्हणतात. तसं काही नाही. आपल्याकडे घरशाळेसाठी वेगळा कायदाच नाही, मग त्यात धर्माची अट कुठून येणार? संविधानाचं कलम २८ आहे ते शिक्षणसंस्थांसाठी. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही; मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना त्याला बसवायचं नाही. तुमच्या ओट्यावरच्या हरिपाठाशी त्याचा संबंध नाही.

खरी कटकट कागदांची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलंय, पण न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला आमच्याकडे बाई आल्या, तेव्हा त्यांनी एकच विचारलं: पटावर नाव कुठे? देवाधर्माची चौकशी कोणीच केली नाही.

पुढे दहावीला १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, भरायचा तर किमान पाचवी पासचा पुरावा लागतो. म्हणून राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आधी करून टाका. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची; तिथे दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात. वेदाध्ययन, भारतीय दर्शन हे विषय तिथे आहेत, पण ऐच्छिक.

घरात धर्म काय शिकवावा, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी वेगळा तास ठेवत नाही. श्रावणात आम्हा खानदेशातल्या घरांत कानबाई ही देवी बसते, तेवढ्यात पुष्कळ होतं. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. आजीने मोजायला लेकीला बसवलं. सव्वाचा हिशोब तिला लगेच जमला, मग म्हणे, माझी मूठ का नाही? आजी म्हणाली, रीतच तशी. लेकीने मुकाट्याने एक मूठ जास्त टाकली, आजीने पाहून न पाहिल्यासारखं केलं. असला प्रश्न पाठांतराच्या वहीतून आला नसता, असं माझं मत; जाऊबाईंना पटणार नाही.

सध्या एवढंच करा: जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते बघा. फॉर्म भरताना खोळंबा तिथेच होतो.