पर्समध्ये राजीनामा ठेवून मीटिंगला जाऊ नकोस

«ताई, मी धायरीला राहते, भोसरीला एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. नोकरीचं पाचवं वर्ष चालू आहे. जानेवारी 2025 मध्ये आमच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) साथ आली, त्यात मी सापडले. नंतर कामावर रुजू झाले, पण पायांतली शक्ती पूर्ण आलेली नाही, महिन्यातून दोन-तीन सुट्ट्या होतातच. आता एचआरने 'हजेरीबाबत चर्चा' म्हणून गुरुवारी बोलावलंय. नवरा म्हणतो, त्यांनी काढण्याआधी तूच राजीनामा दे, निदान मान राहील. काय करू?»

राजीनामा देऊ नकोस. बाकीचं त्यानंतर.

नवऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हिशोब कच्चा आहे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. आजारपणाच्या सुट्टीमुळे ती सलगता तुटत नाही, कायद्यातच तसं आहे. ऐन पाचव्या वर्षात आपण होऊन सोडलंस, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगारावर पाणी सोडशील. एवढा महाग मान कशाला हवा?

बोलावणं पुन्हा वाच. 'चर्चा' लिहिलंय, 'कारणे दाखवा' नाही. तू खरंच आजारी होतीस का, हा त्यांचा प्रश्न नसणार. यापुढे कामाचं काय, हा असणार. तेव्हा उत्तर त्याचंच घेऊन जा.

त्यासाठी गुरुवारच्या आधी न्यूरॉलॉजिस्टना गाठ. 'विश्रांतीची गरज आहे' एवढंच सर्टिफिकेट नको. ते गल्लोगल्ली मिळतं, हे एचआरलाही ठाऊक असतं. सलग किती तास बसता येईल, जिने चढणं जमेल का, पुढची तपासणी कधी, हे लिहून घे, खाली सही आणि नोंदणी क्रमांक. शिवाय एक गोष्ट त्यांनी सोप्या शब्दांत लिहिली तर उत्तम: या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, ते सावकाश भरून येतात, आणि माणूस चालायला लागला तरी थकवा महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षं राहतो. तू चालत आत येणार आणि समोरच्याला वाटणार, हिला काय धाड भरलीय! ते वाटणं त्या कागदाने मोडेल.

दुसरा कागद तुझा: तारीखवार सुट्ट्या, कोणाला कळवलं, कुठल्या दिवसाचा पगार कापला गेला. साहेबांना टाकलेले व्हॉट्सॲप मेसेज काढून ठेव. न कळवता घेतलेली सुट्टी असेल तर लपवू नकोस, पंचिंगचा रेकॉर्ड त्यांच्यापुढे असणारच.

आणि मागणी तू आधी मांड. धायरी ते भोसरी म्हणजे अख्खं शहर ओलांडणं. निम्मी शक्ती रस्त्यातच जाते. तीन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम, किंवा उशिरा येऊन उशिरा जाणं, असं काहीतरी नेमकं माग. त्याचबरोबर सांग, की 11 आणि 20 तारखेच्या आधी, जीएसटीच्या रिटर्नच्या धावपळीत, मी जागेवर असेन. नुसती सहानुभूती मागणाऱ्यापेक्षा कामाच्या तारखा सांभाळणाऱ्याला होकार देणं त्यांना सोपं जातं.

(हे वाचणाऱ्या इतरांसाठी: महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर वर्गणीची अट पूर्ण असल्यास आजारपणाच्या दिवसांचा 70 टक्के पगार, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, तिथून मिळतो. पुष्कळ जण तो मागतच नाहीत.)

मीटिंगमध्ये रडू आलं तर येऊ दे, पाणी पी, पुढे बोल. पण कशावरही सही करू नकोस. 'फक्त फॉर्मॅलिटी आहे' असं म्हणून कागद सरकवला, तर 'घरी वाचून उद्या देते' म्हणायचं, आणि तेवढंच पुन्हा म्हणायचं. राजीनाम्याचा आग्रहच धरला, तर तो लेखी मागा म्हण आणि दुसऱ्याच दिवशी कामगार कायद्याच्या वकिलाला भेट.

त्याच संध्याकाळी एचआरला मेल टाक: काय बोलणं झालं, काय ठरलं, कधीपासून. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तारखेनिशी नोंद राहते.