खिडकीची फिल्म आणि साबणपाणी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : घराच्या खिडक्यांना उन्हाची फिल्म स्वतः लावायची आहे. साबणपाणी किती दाट करावे? भांड्यांचे लिक्विड चालेल का?

उत्तर : फिल्मच्या डिंकाची पकड काचेला टेकताच बसू लागते, म्हणून ती सरकवून नेमकी जागेवर आणता यावी एवढ्यापुरता मध्ये पाण्याचा निसरडा थर लागतो आणि काम झाल्यावर तो थर पूर्ण निघून जावा लागतो. एक लिटर पाण्याला बेबी शाम्पू अर्धा चहाचा चमचा, म्हणजे साधारण 2 ते 3 मिलिलिटर, पुरतो. बाटलीत आधी पाणी भरावे, शाम्पू नंतर घालावा आणि बाटली न घुसळता हळूच उलटसुलट करावी, अन्यथा नळीत फेस अडकून फवारा तुटक येतो. काचेवर फवारल्यावर पाण्याचे मणी न होता सलग पातळ पडदा पसरला, तर प्रमाण जमले असे समजावे. भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन थेंब अडीअडचणीला चालतात, पण हात मऊ ठेवणारी द्रव्ये, रंग आणि दाट सुगंध असलेले लिक्विड मी वापरत नाही, कारण त्यांचा अंश डिंकाखाली राहतो. अमोनियाचे काचपुसणे तर या बाटलीत घालूच नये.

प्रश्न : आमच्याकडे बोअरवेलचे पाणी आहे. त्याने काही बिघडते का?

उत्तर : बिघडते. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच क्षार पाणी सुकल्यावर फिल्मखाली ठिपक्यांच्या रूपात राहतो आणि नंतर पुसताही येत नाही. शिवाय जड पाण्यात साधा साबण फाटून त्याचा चिकट साका होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. ते नसेल तर आरओचे.

प्रश्न : स्क्वीजी (पाणी ओढून काढायची रबरी पट्टी) फिरवूनही फिल्म घसरत राहते आणि कोपरे उचलतात. साबण वाढवावा का?

उत्तर : उलट कमी करावा. कोपरे उचलले की हात आपसूक शाम्पूकडे जातो आणि दुखणे वाढते. डिंकाची बाजू उघडी करून साध्या पाण्याने धुवावी, काचही धुवावी आणि निम्म्या शाम्पूचे पाणी करून फिल्म पुन्हा बसवावी. फिल्मच्या बाहेरच्या बाजूवर मात्र सढळ फवारावे, म्हणजे स्क्वीजी न अडता सरकते. ती मधून कडेकडे, एकावर एक पट्टे घेत ओढावी. कडांना शेवटी स्क्वीजीवर कोरडा कापड गुंडाळून दाबावे. फिल्म काचेच्या चौकटीपासून दीड-दोन मिलिमीटर आत कापलेली असेल, तर पाण्याला निघायला वाट मिळते. चौकटीला टेकलेली कड हमखास उचलते.

प्रश्न : चार दिवस झाले, तरी फिल्मखाली धूसर ठिपके दिसतात. काढून टाकावी का?

उत्तर : नाही. ते उरलेले पाणी आहे. ते फिल्ममधून सावकाश बाहेर पडते. उन्हाळ्यात काही दिवसांत, पावसाळी हवेत किंवा जाड सुरक्षा-फिल्मला महिनाभरही लागू शकतो. सुई टोचू नये. बोटाला खडा लागत असेल, तर ती मात्र धूळ आहे आणि ती जाणार नाही.

प्रश्न : उरलेले पाणी ठेवावे का?

उत्तर : ओतून द्यावे. शिळे साबणपाणी बुळबुळीत होते आणि त्यातला गाळ पहिल्याच फवाऱ्यात काचेवर येतो.