अर्ज दिला म्हणजे नोटीस झाली असं नाही

प्रश्न: नंदगडजवळ पीडब्ल्यूडीच्या रस्त्यावर मोरीसाठी खणलेल्या चरात रात्री चालताना पडलो. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. दुसऱ्या महिन्यात इंजिनियरकडे अर्ज दिला, ‘चौकशी चालू आहे’ एवढंच कळलं. आता दहा महिने झाले. सरळ दावा घालू का?

उत्तर: आज घालू नका, फेटाळला जाईल. खानापूर-निपाणी भागातून अशी पत्रं नेहमी येतात आणि प्रत्येकात हाच अर्ज असतो.

तुमच्या अर्जाची झेरॉक्स वाचली. शेवटी ‘योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती’. रुपयांचा आकडा नाही, दाव्याचा इशारा नाही. याला कलम 80 ची नोटीस म्हणत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या या कलमाप्रमाणे राज्य सरकारवरच्या दाव्याची नोटीस सरकारच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तुमच्यासाठी बेळगावचं डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. त्यात तुमचं नाव, ओळख, राहण्याचं ठिकाण, दाव्याचं कारण आणि नेमकी मागणी हवी. इंजिनियरलाही प्रतिवादी करायचं असेल तर त्याच्या ऑफिसात वेगळी प्रत. नोटीस पोचल्यावर पुरते दोन महिने थांबायचं. घाई केलेल्या अशाच एका दाव्यात 1984 साली सुप्रीम कोर्टाने बिहारच्या माणसाला परत पाठवलं होतं.

खरी गोची दावा घालायच्या मुदतीची आहे. सरकारी वकील मुदत कायद्याचं अनुच्छेद 72 काढणार; कायद्यानुसार केलेल्या किंवा करायच्या राहिलेल्या कामाच्या भरपाईसाठी ते आहे, म्हणजे एक वर्ष. वेगळी मुदत न दिलेल्या दाव्यांसाठीच्या अनुच्छेद 113 ची तीन वर्षं लागू होतात असं आपल्याला म्हणता येईल, कदाचित टिकेलही. पण त्या भरवशावर मोडका पाय पणाला लावू नका. वर्ष भरायच्या आत नोटीस पोचली तर त्याच कायद्याच्या कलम 15(2) प्रमाणे तिचे दोन महिने मुदतीतून वगळले जातात. तुमच्या हातात दोन महिने आहेत, त्यातला पहिला आठवडा पुरे. आठ महिने चौकशीची वाट बघण्यात घालवलेत, तेवढं बस झालं.

नोटीस स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. एक प्रत पोस्टानेही पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात गेली, म्हणून पोचपावती आठवणीने मागा. मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत ठेवा. सीमाप्रश्नाचा हिशोब या कागदावर मांडायची गरज नाही.

आकड्यात दवाखान्याची बिलं, बुडालेली मजुरी, पुढे रॉड काढायचा खर्च धरा. रक्कम किती मिळेल ते पुराव्यावर ठरेल, आज सांगता येत नाही. ठेकेदाराला कलम 80 लागत नाही, पण त्याला त्याच दाव्यात घ्या.

आणि नोटीस दिल्याचं वाक्य वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ कागदात, घालायला वकिलांना सांगा. कायदा ते मागतो, आणि तेच गाळलेले दावे कमी नाहीत.