वाचकांचे प्रश्न : एकाच ओहमचे दोन मॉसफेट

प्रश्न : ८०० व्होल्ट डीसी बसच्या इन्व्हर्टरमधले (डीसीचं एसी करणाऱ्या उपकरणातले) आयजीबीटी हे पॉवर स्विच काढून त्यांच्या जागी १२०० व्होल्टचे सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट हे स्विच बसवायचे आहेत. दोन्ही पर्यायांवर ४० मिलिओहमच लिहिलंय. निवडू कसा?

उत्तर : ते ४० मिलिओहम म्हणजे स्विच चालू असतानाचा रोध, तोही २५ अंश सेल्सिअसचा. डेटाशीटमधला १५० अंशांचा आलेख पाहा. तिथे रोध कुठे दीडपट, कुठे जवळजवळ दुप्पट. आकडा गेटवर (स्विच चालू-बंद करणाऱ्या टोकावर) १५ व्होल्ट असतानाचा की १८, हेही तपासा. मग स्विचिंग ऊर्जा (दर वेळी चालू-बंद होताना वाया जाणारी) पाहा, पण करंट, व्होल्टेज आणि गेट रेझिस्टर सारखे असतील तरच तुलना. चालू-बंद मिळून १ मिलिज्यूल म्हणजे ५० किलोहर्ट्झला ५० वॅट उष्णता!

जुना गेट ड्रायव्हर (गेटला व्होल्टेज देणारं सर्किट) मात्र तसाच ठेवू नका. आयजीबीटीला चालणारे बंद ठेवण्याचे उणे १५ व्होल्ट इथे गेट ऑक्साइडचा (गेटखालच्या पातळ निरोधक थराचा) घात करतात; सहसा उणे ३ ते ५ पुरे. शॉर्ट सर्किटमध्ये आयजीबीटी साधारण १० मायक्रोसेकंद तग धरतो, हे मॉसफेट बहुधा २-३च. डीसॅट संरक्षण (शॉर्ट सर्किट ओळखून स्विच बंद करणारं) तेवढं चपळ हवं.

चार पायांचं पॅकेज मिळालं तर तेच घ्या. त्यात गेटसाठी सोर्सचा वेगळा पाय असतो; तीन पायांत सोर्सच्या (करंट बाहेर पडणाऱ्या टोकाच्या) पायाचं इंडक्टन्स गेटच्या वाटेत येतं आणि स्विचिंग मंदावतं. डेड टाइमही (एक स्विच बंद होऊन जोडीचा चालू होईपर्यंतचा वेळ) कमी करा, कारण त्या वेळात मॉसफेटमधल्याच बॉडी डायोडवर ३-४ व्होल्ट पडतात.