उद्योजकतेचा तास पहिल्यांदा घेणाऱ्या मॅडमना

मॅडम, पहिल्याच तासाला व्याख्या आणि स्लाइड नकोत. मुलांना 5-5 जणांत वाटा, पदरचे थोडे पैसे काढायला सांगा आणि पंधरा दिवसांत काहीतरी विकून हिशेबाची वही घेऊन या म्हणा. खरं शिकवणं त्या वहीपासून सुरू होतं.

माझ्या एका गटानं 10 किलो चिवडा केला. पाव किलोची 40 पाकिटं, 60 रुपयांना एक. कच्चा माल 1500, विक्री 2400, म्हणून नफा 900, असं त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी विचारलं, गॅस? 120. पिशव्या, लेबलं? 160. रिक्षा? 100. आणि आई दोन दिवस कढईपुढे उभी होती, तिची मजुरी? वर्ग एकदम गप्प झाला. रोजचे 300 धरले तरी 600. म्हणजे 80 रुपये तोटा! घरच्या बाईचे कष्ट हिशेबात धरायला तिथंच शिकवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उधारीच्या वसुलीवरही एक अख्खा तास द्या. हॉस्टेलवरच्या मित्रांकडे पैसे मागताना मुलं फार अवघडतात.

कागदपत्रं नंतर. मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते, हे आवर्जून सांगा. एजंट त्याचेही पैसे उकळतात. आणि तिसऱ्या वर्षाची वाट बघू नका, तेव्हा मुलं परीक्षा नि प्लेसमेंटमध्ये अडकलेली असतात. दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या महिनाभर आधी सुरू करा, गिऱ्हाईक आपोआप मिळतं.