सभागृहच नाही, महोत्सव कसा भरवायचा?

प्रश्न: आमच्यासारख्या छोट्या गावात दरवर्षी साहित्य-कला महोत्सव करायचा म्हटलं तर सभागृह नाही, धड हॉटेल नाही, मग लोक येणार कशाला?

उत्तर: अहो, वेल्समधलं 'हे-ऑन-वाय' नावाचं गाव बघा, जेमतेम दोनेक हजार वस्ती, पण १९८८ पासून तिथे 'हे फेस्टिव्हल' नावाचा साहित्य महोत्सव भरतोय आणि आता तर चक्क तंबूंमध्ये! अर्थात तिथे आधीपासूनच, म्हणजे १९६० च्या दशकापासून, रिचर्ड बूथ नावाच्या अवलियाने जुन्या पुस्तकांची दुकानं थाटली होती, अगदी जुन्या फायर स्टेशनात आणि थिएटरातसुद्धा, आणि १९७७ च्या १ एप्रिलला तर पठ्ठ्याने स्वतःला गावाचा राजाच जाहीर केलं, त्यामुळे गावाचं नाव आधीच झालेलं. तेव्हा सभागृहाचं नंतर बघा, आधी गावात बघण्यासारखं काय आहे ते शोधा. आणि तंबू टाकलात तर साउंड सिस्टीम चांगली घ्या, पाऊस आला की कवीचं काहीच ऐकू येत नाही.