दप्तरात सोल्युशनच्या ट्यूबा सापडल्या, आता काय?

ताई, तुमचं दोनदा वाचलं. आठवीतला मुलगा, दप्तरात पंक्चरच्या सोल्युशनच्या दोन पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा, उग्र वासाचा कडक झालेला रुमाल, आणि घरात सायकल नाही. मिस्टर म्हणतात पट्ट्याने फोडतो आणि लघवी तपासून आणतो. तुम्ही विचारताय, शाळेत सांगू का. सगळ्याबद्दल लिहितो, पण आधी आजच्या रात्रीचं.

आज त्याला एकटं झोपवू नका आणि कोणी त्याच्या अंगावर धावूनही जाऊ नका. नशेसाठी या सोल्युशनची वाफ ओढलेली असताना हृदय फार नाजूक होतं. त्यात मूल दचकलं, पळालं, की अंगात ॲड्रेनालिन उसळतं, ठोक्यांची लय बिघडते आणि ते जागच्या जागी कोसळू शकतं. पहिल्यांदाच ओढणाऱ्याच्या बाबतीतही हे होतं. म्हणून नशेत सापडला तर आरडाओरडा नाही, हिसकाहिसकी नाही, पाठलाग तर नाहीच. खिडक्या उघडा, काडेपेटी लांब ठेवा, कुशीवर झोपवा, हळू आवाजात बोलत राहा. हाकेला ओ देत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर थेट १०८.

आता मी हे कुठून सांगतोय ते. मिरजेत माझं हार्डवेअर आणि सायकल स्पेअरचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. सोल्युशन मी स्वतः विकलंय. एक पोरगं आठवड्याला चार-पाच ट्यूबा न्यायचं. मला वाटायचं, बापाचं पंक्चरचं दुकान असेल. खरं तर तिथेच कळायला हवं होतं, कारण पंक्चरवाला ट्यूब घेत नाही, डबा घेतो. त्या पोरांच्या टोळक्यात माझ्या बहिणीचा धाकटा होता, हे आठ महिन्यांनी कळलं.

दाजींनी तुमचे मिस्टर म्हणतात तेच केलं. बदडलं, मित्र तोडले, पैसे बंद केले. झालं काय, तर आधी चौघं मैदानामागे टाकीच्या आडोशाला बसायची, ते बंद झालं आणि भाचा एकटाच पांघरुणात ओढायला लागला. प्लास्टिकच्या पिशवीत. बहिणीला रात्री दीडला पिशवीचा चुरचुर आवाज आला म्हणून ती उठली. पिशवी तोंडाला चिकटलेली होती. त्या रात्री तिला गाढ झोप लागली असती तर? मी यावर जास्त लिहीत नाही. मारण्याबद्दल माझं मत का ठाम आहे, ते एवढ्यावरून कळावं.

लघवीच्या तपासणीबद्दल. गांजा, अफू वगैरे शोधणाऱ्या नेहमीच्या किटमध्ये ही सॉल्व्हंट, म्हणजे सोल्युशन-थिनरमधली विरघळवणारी रसायनं, दिसतच नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह येईल आणि मुलगा म्हणेल, बघा, मी काही केलं नाही. त्याऐवजी त्याला मेडिसिनच्या किंवा मुलांच्या डॉक्टरांकडे न्या आणि न लाजता पदार्थाचं नाव सांगा. ते ईसीजी, किडनी-लिव्हर आणि रक्तातलं पोटॅशियम बघतील. थिनर आणि काही चिकटद्रव्यांत टोल्युइन नावाचं रसायन असतं, त्याने पोटॅशियम इतकं उतरू शकतं की पाय उचलवत नाहीत.

भाच्याचं वेगळंच निघालं. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि हा तसाच चार पावलं पुढे जायचा, त्याला कळायचंच नाही. आम्ही हसायचो. नसांची चाचणी केली तेव्हा कळलं की पायाच्या नसा गेल्यात. रबर विरघळवायला वापरतात त्या हेक्सेनमुळे असं होतं. आणि मुख्य गोष्ट ऐका: ओढणं बंद केल्यावरही पुढचे दोन महिने त्याचे पाय आणखी बिघडत गेले. दाजींना वाटलं पोरगं अजून चोरून ओढतंय, पुन्हा हात उगारला. शेवटी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की या विषाचं असंच असतं, सोडल्यावरही काही काळ उतरण चालू राहते, मग हळूहळू भरून येतं. त्याला सव्वा वर्ष लागलं. म्हणून मुलाला मुंग्या, ठेचा, जिन्यावर तोल जाणं असलं काही होतंय का, ते आजच विचारा. तोंडा-नाकाभोवती पुरळ, सकाळचं डोकं दुखणं, जेवणावरची वासना उडणं, हेही बघा.

वर एका दादांनी लिहिलंय की या वयात होतं असं, आपोआप सुटतं. काहींचं सुटतही असेल, पण माफ करा, त्या भरवशावर बसू नका. २०१९ साली केंद्र सरकारचं व्यसनांचं जे देशव्यापी सर्वेक्षण आलं, त्यात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये प्रमाण जास्त असलेली नशा एकच होती, ती हीच. मदतीची गरज असलेली मुलं ४.६ लाख, आणि जास्त मुलं असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. कारण सरळ आहे, वस्तू स्वस्त आणि कोपऱ्यावर मिळणारी. २०१२ मध्ये व्हाइटनर-थिनरच्या बाटल्यांच्या किरकोळ विक्रीवर बंदी आली, पेनमधला व्हाइटनर तेवढा राहिला. पोरं दुसऱ्या वस्तूकडे वळली, एवढंच.

शाळेत सगळ्यांना सांगू नका. ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका शिक्षकांना आणि समुपदेशक असतील तर त्यांना सांगा. मित्रांची नावं मुलाच्या तोंडून काढायचा हट्ट पहिल्या आठवड्यात तरी धरू नका.

ओढ घालवणारी खास गोळी यावर नाही. समुपदेशन, तेही काही महिने. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून या कामात आहे, त्यांनाही विचारा. एक चूक आमच्याकडून झाली ती सांगतो. घाबरून भाच्याला एका खासगी केंद्रात ठेवलं, तिथे त्याच्याच खोलीत चाळिशीचे दारुडे. नवव्या दिवशी परत आणला, तर पोरगं गांजाचे भाव सांगत होतं. भरती करायचीच वेळ आली तर मुलांची वेगळी सोय आहे का, ते स्वतः आत जाऊन बघा.

दुकानात आता ट्यूब मागणाऱ्या पोराला मी म्हणतो, चाक घेऊन ये, मी फुकट चिकटवून देतो. काही जण खरंच चाक घेऊन येतात.

आणि ताई, तो रुमाल धुऊ नका. ट्यूबांसकट एका डब्यात झाकण लावून ठेवा आणि उद्या डॉक्टरांकडे घेऊन जा. ट्यूबेवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते त्यांना वाचू दे.